परमुलखातला नाताळ : एका वानप्रस्थी दांपत्याची दिनचर्या

मार्गशीर्षातील गुरुवारची व्रते चालू असावीत, दत्तजयंतीच्या सप्ताहाची पारायणे नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली असावीत, अशा थंडीच्या दिवसांत आपल्याकडे नाताळ येतो. वसईच्या वाड्यांतून, गोव्याच्या गावांतून, पुण्या-मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून चांदणीच्या आकाराचे कंदील लागतात. शेजारघरून नेवऱ्या, दोदोल, बिबिंका यांचे झाकलेले ताट येते आणि दिवाळीत आपण पाठविलेल्या फराळाची गोड परतफेड होते. सण कोणाचाही असो, त्या दिवशी दूर गेलेली माणसे घराकडे वळतात. वडीलधारी मंडळी तर उंबरठ्याच्या आत असावयाचीच. त्यांच्या पायांवर डोके ठेवल्याखेरीज सण झाला असे कोणास वाटत नाही.

म्हणूनच, नेमक्या या दिवसांत आपले भरले घर व मुले-नातवंडे मागे ठेवून हजारो मैलांवरच्या परक्या देशात राहणाऱ्या काही वृद्ध जोडप्यांची हकीकत आमच्या वाचकांस कुतूहलाची वाटेल. ही जोडपी नोकरीसाठी गेलेली नसतात. परदेशी असलेल्या मुलाकडे नातवंड सांभाळावयासही गेलेली नसतात. ती मिशनरी असतात, आणि तीही बहुधा साठी ओलांडल्यानंतर झालेली.

'मिशनरी' हा शब्द उच्चारला की आपल्या मनात दोन चित्रे एकदम उभी राहतात. एक, शाळा-इस्पितळे काढून आयुष्य झिजविणाऱ्या सेवकाचे. आणि दुसरे, धर्मांतराचे. दुसऱ्या चित्राकडे आपण पुढे वळूच, कारण ते टाळून हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. परंतु प्रथम ही माणसे कोण, हे पाहू.

अमेरिकेच्या यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटी नावाचे शहर आहे. 'द चर्च ऑफ जीझस क्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या ख्रिस्ती म्हणविणाऱ्या पंथाचे हे मुख्य पीठ. जगात हा पंथ 'मॉर्मन' या नावाने ओळखला जातो, जरी पंथाच्या प्रमुखांनी २०१८ पासून ते टोपणनाव वापरू नये असा आग्रह धरला आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. पुढे छळ सोसत ही मंडळी पश्चिमेकडे सरकली व १८४७ साली ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली यूटाच्या उजाड खोऱ्यात स्थिरावली. बायबलखेरीज 'मॉर्मनचा ग्रंथ' त्यांना प्रमाण असल्यामुळे इतर अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यातले मानावयास तयार नसतात. मॉर्मन म्हटले की बहुपत्नीत्व आठवणारे वाचकही असतील. ती चाल पंथाने १८९० साली अधिकृतपणे सोडून दिली, एवढे सांगून तो विषय येथेच मिटवितो.

या पंथात वेतन घेणारा स्थानिक धर्मोपदेशक नाही. शेतकरी, शिक्षक, दंतवैद्य, दुकानदार हेच आळीपाळीने देऊळ चालवितात. तरुण मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष स्वखर्चाने प्रचारकार्यास जातात; काळी नामपट्टी लावून जोडीजोडीने हिंडणारी ही मुले जगातील बहुतेक मोठ्या शहरांत दिसतात. त्यांची संख्या पाऊण लाखाच्या वर आहे. त्यांच्यामागे फारसा गाजावाजा न करता वावरणारा दुसरा वर्ग म्हणजे ज्येष्ठ दांपत्यांचा.

नातवाचे मुख पाहिल्यावर

आपल्या धर्मशास्त्राने गृहस्थाला घर सोडण्याची वेळ फार सूक्ष्मपणे सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचे अपत्य दिसले, म्हणजे त्याने अरण्याची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर घेऊन जावे, अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. आज ती पाळणारे विरळाच. परंतु तिच्यातील मानसशास्त्र पाहण्यासारखे आहे. नातू जन्मल्यावर घर सर्वांत गोड होते, आणि शास्त्र म्हणते की निघावयाचे ते तेव्हाच.

या ज्येष्ठ दांपत्यांना मनुस्मृतीची वार्ताही नसते, तरी त्यांची निघण्याची वेळ तीच असते. निवृत्तिवेतन सुरू झालेले, घरात सांभाळावयाची लहान मुले उरलेली नाहीत, प्रकृती वैद्याने तपासून योग्य ठरविलेली. मग दोघे मिळून अर्ज करतात. कोठे जावेसे वाटते ते कळविण्याची मुभा असते, पण नेमणूक मुख्य पीठ करते आणि ती स्वीकारावयाची असा संकेत आहे. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. खर्च आपला आपण, म्हणजे जन्मभर साठविलेल्या पुंजीतून. २०११ साली पंथाने राहत्या घरभाड्यापोटी जोडप्याने भरावयाच्या रकमेस महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली, कारण महाग देशांत जाण्याच्या खर्चाने पुष्कळ जण कचरत होते. आपल्याकडे काशीयात्रेसाठी आयुष्यभर पैसा गाठीस बांधण्याची रीत होती. येथे तो परक्या गावच्या घरभाड्यासाठी बांधला जातो.

साम्य येथपर्यंतच. वानप्रस्थ हा निवृत्तीचा मार्ग. या दांपत्याचा प्रवृत्तीचा. त्यांना अरण्यातील शांतता लाभत नाही. लाभते ती बहुधा एखाद्या गजबजलेल्या शहरातील तिसऱ्या मजल्यावरची जागा आणि हिशेबाच्या वह्या.

कंदिलांचा देश

उदाहरणादाखल फिलिपीन्स हा देश घेऊ. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश, लोकसंख्येतील दहापैकी सुमारे आठ माणसे रोमन कॅथलिक. या पंथाचे नियमित काम तेथे १९६१ साली सुरू झाले, मनिला येथे त्यांचे मोठे मंदिर १९८४ साली उघडले, आणि आज वीसहून अधिक प्रचारकेंद्रे तेथे आहेत. इंग्रजी सर्वत्र चालत असल्याने म्हातारपणी नवी भाषा घोकण्याचा प्रसंग या जोडप्यांवर फारसा येत नाही. यूटातील प्रोव्हो गावी अवघ्या काही दिवसांचे शिक्षण घेऊन ती बर्फातून निघतात आणि घाम फुटणाऱ्या डिसेंबरात उतरतात.

नाताळाचा इतका दीर्घ उत्सव जगात दुसरीकडे क्वचितच होत असेल. ज्या महिन्यांच्या नावाअखेरीस 'बर' येते ते सारे, म्हणजे सप्टेंबरपासूनच, तेथे नाताळाचे मानले जातात आणि दुकानांतून गाणी सुरू होतात. बांबूच्या कामट्या व कागद यांचा पंचकोनी ताऱ्याचा कंदील दारोदारी लागतो. त्याला 'पारोल' म्हणतात. आपला आकाशकंदील पाहिलेल्या माणसास तो परका वाटणारच नाही. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या काळोखात देवळात प्रार्थना होते. शेतकऱ्याला शेतावर जाण्यापूर्वी देवदर्शन घडावे म्हणून ही वेळ, जशी आपली काकड आरती. देवळाबाहेर बांबूच्या नळ्यांत उकडलेला जांभळा भात खोबरे-साखर घालून विकतात. केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली तांदळाची 'बिबिंका' असते, आणि सोबत आल्याचे ऊन पेय. नाव जुळले तरी ही बिबिंका गोव्याच्या थरांच्या बिबिंकेहून अगदी वेगळी.

यातील एक गंमत ध्यानात घ्यावयाची. हा जो पहाटेचा उत्सव, तो कॅथलिकांचा. आमच्या दांपत्याच्या पंथात अशी नवरात्री प्रार्थना नाही, मध्यरात्रीची मिस्सा नाही, देवळावर क्रूसही नसतो. त्या पंथातील अनेकांची परंपरेने अशी समजूत आहे की येशूचा जन्म खरे पाहता ६ एप्रिलचा. तरीही २५ डिसेंबर जगाबरोबर तेही आनंदाने पाळतात. म्हणजे एका ख्रिस्ती देशात आलेले हे ख्रिस्ती जोडपे तेथल्या सणाचे पाहुणेच ठरते. शेजारीण ताट घेऊन येते, ती म्हातारी ते घेते, आणि आल्याचे पेय विनासंकोच पिते. कारण चहा, कॉफी, मद्य व तंबाखू ही त्यांना निषिद्ध असली तरी आल्याला बंदी नाही. १८३३ पासूनचा हा नियम. चहावाचून ज्यांचा दिवस उजाडत नाही अशा आपल्यासारख्यांना त्यांच्या व्रताचा हा भाग सर्वांत कठीण वाटावा.

घरोघरच्या मोऱ्या आणि जळमटे

आता त्यांचा दिवस कसा जातो ते पाहू. पहाटे दोघे मिळून ग्रंथवाचन व प्रार्थना करतात. तरुण प्रचारकांप्रमाणे ठरावीक मिनिटाला उठण्याचे व दारोदार हिंडण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. नंतर कामास निघावयाचे. पुरुषाला 'एल्डर' व बाईला 'सिस्टर' म्हणण्याची पंथाची रीत; पण गल्लीतील मुले त्यांना 'लोलो' आणि 'लोला', म्हणजे आजोबा व आजी, म्हणून मोकळी होतात. तेथे लहानांनी वडिलांचा हात हाती घेऊन आपल्या कपाळास लावण्याची चाल आहे. अमेरिकेत हस्तांदोलनावर वाढलेल्या म्हाताऱ्याला पहिल्या दिवशी हे कळत नाही. आठवड्याभरात तो आपणहून हात पुढे करू लागतो.

कामे निरनिराळी असतात. कोणी कचेरीत बसून तरुणांच्या जागांची भाडी, व्हिसाचे कागद, गाड्यांची दुरुस्ती पाहतात. कोणी चाकाच्या खुर्च्या वाटण्याच्या किंवा गावात पिण्याचे पाणी आणण्याच्या कामी जातात. नवजात अर्भकाचा श्वास सुरू करण्याचे शिक्षण सुइणींना व परिचारिकांना देण्याची योजनाही या पंथाने अनेक देशांत चालविली आहे. खुर्ची वाटावयाची म्हणजे नुसती हाती द्यावयाची नव्हे. बसणाऱ्याचे माप घ्यावे लागते, अन्यथा पाठीला जखमा होतात. असल्या कामात निवृत्त माणसाचा धिमेपणा उपयोगी पडतो.

परंतु आम्हांस सर्वांत हृद्य वाटते ते एक अगदी क्षुल्लक दिसणारे काम. तरुण प्रचारकांच्या जागा स्वच्छ आहेत की नाहीत हे पाहावयास ही दांपत्ये फिरतात. अठरा-एकोणीस वर्षांची, घरी कधी कपबशी न विसळलेली मुले परदेशी चौघे मिळून राहतात, तेव्हा त्या जागेचे काय होते हे वसतिगृहात राहिलेल्या कोणासही सांगावयास नको. पाणी गाळण्याचे यंत्र साफ केले आहे का, मोरी तुंबली आहे का, डास होऊ नयेत म्हणून साचलेले पाणी ओतले का, आजारी असलेला मुलगा आजार लपवीत तर नाही ना, हे सारे म्हातारी डोळ्यांनीच टिपते. डेंग्यूचा ताप त्या देशात नित्याचा आहे. जागा चांगली ठेवणाऱ्यांना ती घरी भाजलेला केक देते; न ठेवणाऱ्यांना झाडू दाखविते, आणि मग तोच केक देते.

डिसेंबरात या फेऱ्यांना वेगळे रूप येते. घरून आलेली मुलांची पार्सले कचेरीत साठतात. ती २५ तारखेच्या आत बेटाबेटांवर पोहोचली पाहिजेत. रस्ते गर्दीने तुंबलेले, बोटींची वेळापत्रके वाऱ्यावर अवलंबून, त्यात रविवारी खरेदी-विक्री न करण्याचा यांचा नेम. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी देण्याचाही नियम आहे. एकादशी करणाऱ्या घरांना त्याचे नवल वाटणार नाही. वाचलेल्या शिध्याचा पै-पैचा हिशेब धर्मादायास जातो, ही गोष्ट मात्र आपणही उचलण्यासारखी आहे. मग सणाच्या आधी एक दिवस सगळी मुले एकत्र जमवावयाची, चाळीस-पन्नास पाने उठवावयाची, आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी आले तर ते न पाहिल्यासारखे करावयाचे. ही मुले दुसऱ्याची. स्वतःची नातवंडे त्या वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस झोपलेली असतात.

सकाळी नऊ वाजता

यूटा आणि मनिला यांच्या घड्याळांत पंधरा तासांचे अंतर आहे. तिकडे २४ डिसेंबरची संध्याकाळ सहाची, तेव्हा इकडे २५ची सकाळ नऊची. यूटातील अनेक घरांतून त्या संध्याकाळी मुले घरातलेच झगे-पंचे गुंडाळून येशूजन्माचा प्रवेश करतात. कोणी मेंढपाळ होतो, कोणी देवदूत, आणि घरातील सर्वांत तान्हे मूल गव्हाणीत निजविले जाते. आजोबांनी शुभवर्तमानातील जन्मकथा वाचावयाची, हा मान बहुधा घरातील वडिलांचा.

पूर्वी हा दुरावा पुरा असे. तरुण प्रचारकांना तर वर्षातून दोनदाच, नाताळास व मातृदिनी, घरी दूरध्वनी करण्याची परवानगी होती. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्यास बोलता येते. ज्येष्ठांवर असा कडक निर्बंध नव्हता. आता तर पडद्यावर चेहरेही दिसतात. आजोबा मनिलाहून जन्मकथा वाचतात, नातवंडे ऐकतात. मात्र सात-आठ महिन्यांचे जे मूल गव्हाणीत ठेवले आहे ते आजीने अद्याप कडेवर घेतलेले नसते. ती निघाल्यानंतर ते जन्मले. पडद्याला हात लावून भागत नाही. हे दुःख जगाच्या मानाने लहान असेल. आजीच्या मानाने ते लहान नाही.

आणि यापुढचेही धोके आहेत. सत्तरीत परदेशी गेलेल्या माणसाच्या मागे त्याची नव्वदीतील आई असू शकते. घरातील गंभीर प्रसंगी स्वखर्चाने थोड्या दिवसांसाठी परतण्याची सवलत २०११ पासून मिळाली; त्याआधी तीही सहसा नसे. जोडप्यातील एकाने तिकडेच देह ठेवला आणि दुसऱ्याने एकट्याने परत यावे, असेही घडलेले आहे. या पंथात मंदिरात लागलेले लग्न मृत्यूने तुटत नाही, पुढील लोकीही टिकते, अशी दृढ श्रद्धा आहे. वटपौर्णिमेस सात जन्मांचे मागणे मागणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोघांनी एकत्रच जावयाचे, एकत्रच राहावयाचे, या त्यांच्या हट्टामागे ही श्रद्धा आहे.

निसर्गही तेथे स्वस्थ बसू देत नाही. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी 'हैयान' नावाच्या वादळाने टाक्लोबान शहर उद्ध्वस्त केले. सहा हजारांवर माणसे मेली. पंथाची देवळे आसऱ्याची ठिकाणे झाली व तेथील तरुण प्रचारकांना बाहेर काढावे लागले. दीड महिन्याने आलेला नाताळ पत्र्यांच्या ढिगाऱ्यात साजरा झाला. १६ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे पहाटेच्या प्रार्थनांच्या नेमक्या पहिल्या दिवशी, दुसरे मोठे वादळ मध्य फिलिपीन्सवर आदळले व सेबू शहरातील पुष्कळ घरांनी तो नाताळ विजेवाचून काढला. मध्यंतरी मार्च २०२० मध्ये महामारीमुळे परदेशी प्रचारकांना त्या देशातून घाईघाईने मायदेशी पाठविण्यात आले. वृद्धांना धोका अधिक, म्हणून त्यांची काळजी अधिक. अर्धवट राहिलेली कामे, खोलीत राहिलेली भांडी, निरोप न घेता सुटलेले शेजारी, अशी ती वापसी होती.

शेजारणीची आई

तथापि, या दांपत्याचा त्याग फार वर चढवून ठेवण्यापूर्वी त्यांच्याच गल्लीत दुसऱ्या घराकडे पाहावे. फिलिपीन्समधील सुमारे वीस लाख माणसे कामधंद्यासाठी परदेशी असतात. त्यांत आया म्हणून, परिचारिका म्हणून, घरकामास गेलेल्या असंख्य मातांचा भरणा आहे. कोणी हाँगकाँगला, कोणी आखातात. नाताळाच्या सुमारास त्यांच्याकडून मोठमोठी खोकी येतात. साबण, चॉकोलेटे, बूट, टॉवेल. ते खोके उघडणारी मुलगी आईला तीन वर्षांत भेटलेली नसते. आमच्या कोकणातील मुंबईकर चाकरमान्याच्या घरी हे दुःख परिचित होते, पण तो गणपतीस तरी येई.

समोरासमोरच्या दोन दारांत हा भेद उभा असतो. एका दारातील आजी आपणहून नातवंडे सोडून आली. दुसऱ्या दारातील आई नाइलाजाने लेकरे सोडून गेली. आजीला परतीचा दिवस ठाऊक आहे, तिच्या गाठीस निवृत्तिवेतन आहे. आईच्या परतीचा दिवस मालकाच्या मर्जीवर. निवडीने केलेला त्याग आणि परिस्थितीने लादलेला वियोग यांची तुलना करू नये हेच बरे. पण आईवाचून सण काढणारी ती मुलगी संध्याकाळी समोरच्या 'लोला'कडे येऊन बसते आणि त्या दोघींना एकमेकींच्या भाषेत फारसे न बोलताही वेळ जातो, अशी दृश्ये त्या देशात दुर्मीळ नाहीत.

आता त्या दुसऱ्या चित्राकडे वळू. ही जोडपी केवळ समाजसेवक आहेत असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांचा पंथ आपला प्रसार व्हावा या मताचा आहे आणि ते तसे उघड सांगतात. 'सर्व मार्ग एकाच ठिकाणी जातात' असे मानून वाढलेल्या हिंदू मनास, आपलाच मार्ग दुसऱ्यास द्यावयास निघणे रुचत नाही. आम्हांसही ते रुचत नाही. पुणे-मुंबईस हा पंथ नवा नाही हेही येथे सांगावे. १८५२ साली ह्यू फिन्ले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईस उतरला. मुंबई-पुण्यात त्याने दोन-तीन वर्षे खटपट केली, पण हाती फारसे काही लागले नाही. आज भारतातही बंगळूर येथे १९९३ पासून त्यांचे केंद्र आहे.

दुसराही एक धागा आहे, आणि तो पुष्कळांस ठाऊक नाही. पूर्वजांसाठी मंदिरात विधी करणे हे या पंथात मोठे कर्तव्य मानले जाते, त्यामुळे वंशावळींचा शोध हा त्यांचा ध्यास. १८९४ पासून त्यांची वंशावळ-संस्था काम करीत आहे. सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खोदून जगभरच्या नोंदींच्या फिती तेथे जपलेल्या आहेत. हरिद्वार, कुरुक्षेत्र येथील पंड्यांच्या वह्यांचीही त्यांनी सूक्ष्मचित्रे घेतली. आपल्या त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन पणजोबांची सही पाहिलेल्या माणसास त्या वह्यांचे मोल सांगावे लागत नाही. कॅमेरा लावून पाने उलटीत बसण्याचे हे काम अनेक देशांत ज्येष्ठ दांपत्येच करतात. एकाने पान धरावे, दुसऱ्याने कळ दाबावी. यातही वाद झालाच. नाझींच्या छळात मेलेल्या यहुद्यांची नावे अशा विधींत घेतली गेल्याचे कळल्यावर यहुदी संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, तेव्हा १९९५ साली पंथाने ते थांबविण्याचे मान्य केले. दुसऱ्याच्या पितरांना त्याला न विचारता हात लावू नये, हा आक्षेप आपल्यालाही सहज समजण्यासारखा आहे.

तरीही फिलिपीन्समधील त्या तिसऱ्या मजल्यावरच्या जागेत राहणाऱ्या दोघांविषयी मनात आदर उत्पन्न होतो, आणि तो त्यांच्या मतासाठी नव्हे. आयुष्याच्या या टप्प्यावर वर्षे मोजकी उरलेली असतात. नातवाचे पहिले पाऊल, पहिला दात, पहिला शब्द, यांतील काही गोष्टी परतल्यावर पुन्हा मिळत नाहीत. हे हिशेब त्या दोघांनी निघण्यापूर्वी मांडलेले असतात. आपल्याकडेही मुलाबाळांची लग्ने उरकून एखाद्या आश्रमशाळेत, एखाद्या अन्नछत्रात, वारीच्या वाटेवरील दवाखान्यात जाऊन राहिलेली जोडपी आहेत, आणि त्यांनाही शेजारी विचारतातच की, आता या वयात हे कशाला.

सकाळी दहाच्या सुमारास तिकडचे घर झोपावयास निघते. पडदा काळा होतो. इकडे बाराच्या जेवणास पाच-सहा मुले यावयाची असतात. त्यांतला एखादा नुकताच तापातून उठलेला, त्याच्यासाठी मऊ भात वेगळा टाकावा लागतो. आजोबा खुर्च्या मांडतात, एक कमी पडते म्हणून शेजारून आणतात, आणि ती परत करण्याच्या निमित्ताने समोरची मुलगीही पानावर बसते.

त्या देशात सण एवढ्यावर संपत नाही. पारोल जानेवारीत तीन राजांच्या दिवसापर्यंत दारावर राहतात. दांपत्याचा सण मात्र संपलेला असतो. २६ तारखेच्या यादीत चार जागा आहेत. दोन बेटाच्या पलीकडच्या टोकाला. पाणी गाळण्याच्या यंत्राचे नवे मेणबत्तीसारखे नळकांडे पिशवीत ठेवले का, असे ती विचारते, आणि तो पिशवी पुन्हा उघडून पाहतो.